दुसरा गिअर पडत नव्हता तेव्हा

मोहनराव,

परवा तुमच्या तेराव्याला पंगत बसली होती. मी पाण्याचा जग घेऊन वाढप्यांच्या मागे फिरत होतो, कारण पानावर बसायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात शोभाच्या मामेभावानं, दिलीपनं, माझा हात धरून मला थांबवलं आणि शेजारच्यांना सांगायला लागला, "बाळकुमच्या वास्तुशांतीला यांनी काय वाक्य टाकलेलं मोहनरावांवर! म्हणे, गिअरबॉक्स ठणठणीत आहे, आमचे साडूच बिघडलेत! आणि सगळ्यांत जास्त कोण हसलं असेल? स्वतः मोहनराव! काय दिलदार माणूस होता."

माणसं हसली. वाईट हसली नाहीत, मायेनंच हसली. त्यांच्या लेखी ती तुमची एक छान आठवण होती. मी जग तिथंच टेबलावर ठेवला आणि हॉलबाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या कुणापाशी बोलायची सोय नाही म्हणून तुमच्याशीच बोलतोय. शोभापाशी विषय काढला की ती म्हणते, "तुम्हाला तेव्हा काय माहीत होतं?" नंदाही तेच म्हणते. तुमची बायको तुमच्या बाजूनं भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. माहीत नव्हतं हे खरंच आहे. पण माहीत नसलेला प्रत्येक माणूस असा वागत नाही, मोहनराव. तुम्ही वागला नसतात.

दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, एवढंच आपलं नातं. शोभा थोरली, म्हणून मी थोरला साडू. एवढ्या वर्षांत आपण अहो-जाहो सोडलं नाही. तुमचं घर डोंबिवलीला, माझं नौपाड्यात. सणासुदीला बायका आत गप्पा मारत बसायच्या आणि आपण गॅलरीत हवापाणी बोलायचो. खरी ओळख झाली ती माझी कंपनी बंद पडल्यावर. मेंटेनन्स खात्यात आयुष्य गेलेला माणूस मी. एकदम दिवसभर घरात बसलो तेव्हा शोभा मला घाबरायला लागली होती. आणि नेमकी त्याच वर्षी तुमची मोटारसायकल सारखी कुरकुर करायला लागली. कधी चेन सैल, कधी ब्रेक आवाज करतोय, कधी आयडलिंग नीट नाही. रविवार आला की तुम्ही हजर. "विलासराव, बघता का जरा? तुमच्याशिवाय कोणाचा भरवसा वाटत नाही." मी पाने-पक्कड काढायचो, तुम्ही चिंध्या घेऊन शेजारी बसायचात. डोंबिवलीत काय मेकॅनिक नव्हते? पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी स्वतःला तुमचा इंजिनियर समजत राहिलो, आणि तुम्ही मला तसं समजू दिलंत.

म्हणून तर गिअरचं दुखणं निघालं तेव्हा मी असा तोऱ्यात होतो.

तुमच्या गाडीला पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. डाव्या पायाच्या बोटांनी लिव्हर उचलायचा. न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे, त्यामुळे लिव्हर अर्धवट उचलला गेला की दुसरा पडायच्या ऐवजी गाडी न्यूट्रलमधे येते, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. तुमचं तेच व्हायला लागलं होतं. तुम्ही फोनवर सांगितलंत, "दुसरा पडतच नाही हो. दहातून चारदा तरी न्यूट्रल." मी फोनवरच निकाल दिला, गिअर घासलेत, इंजिन उघडावं लागेल. तुम्ही तुमच्या ओळखीच्या संतोषच्या गॅरेजला गाडी टाकलीत. त्यानं इंजिन उघडलं, दुसऱ्या गिअरची जोडी बदलली, गिअर सरकवणारा फोर्क बदलला, क्लचप्लेटा नव्या घातल्या. गाडी घरी आली आणि दुखणं जिथल्या तिथं.

मग मी मैदानात उतरलो. नौपाड्याहून तुमच्याकडे खेपा सुरू केल्या. क्लचची वायर ताणून बघितली. ऑइल काढून त्यात लोखंडाचा चुरा चमकतोय का ते उन्हात धरून पाहिलं. लिव्हर एक दात वर चढवून बसवला, मग एक दात खाली. दर वेळी तुम्ही बिल्डिंगला चक्कर मारून यायचात आणि ओशाळं हसून मान हलवायचात. संतोष मात्र चालवायचा तेव्हा चारही गिअर लोण्यासारखे पडायचे.

"काका, गाडी ओके आहे. तुमच्यासमोर चालवली ना मी?"

"तू दोन मिनिटं चालवतोस," मी म्हणालो. "ऑइल तापल्यावर खरा प्रकार सुरू होतो. यांना रोज चालवायचीय."

किती छान थिअरी होती! दोन माणसं तीच गाडी चालवतात, एकाच्या पायाखाली ती बिघडते, दुसऱ्याच्या पायाखाली बिघडत नाही. मेंटेनन्सला नवीन लागलेल्या पोरालासुद्धा मी शिकवलं असतं की आधी ऑपरेटर बदलून बघ, मग मशीनला हात लाव. स्वतःला शिकवायचं राहिलं.

मी स्वतः का चालवून पाहिली नाही? गुडघ्याचं निमित्त होतं. खरं म्हणजे मला तपासणारा व्हायचं होतं, चालवणारा नव्हे.

त्या दिवशी गॅरेजमधे संतोष म्हणाला, "काका, असं करू. मागे टाचेचा लिव्हर बसवतो. बोटांनी उचलायचं कामच नाही, टाचेनं दाबलं की दुसरा." तुमचा चेहरा एकदम खुलला, मोहनराव. मला तो आत्ताही दिसतो. तुम्ही म्हणालात, "हो, चालेल की! तसंच कर." आणि मी दोघांना थांबवलं. दुखणं आत आहे आणि तुम्ही बाहेर मलमपट्टी करताय, म्हणालो. संतोषवर तर आवाजच चढवला. काम चुकलंय ते झाकायला नवीन पार्ट गळ्यात मारतोस काय, इंजिन परत उघड, माझ्यासमोर उघड. गॅरेजमधली बाकीची गिऱ्हाइकं बघत होती. संतोष लालबुंद झाला पण माझ्या वयाकडे बघून नुसता हात पुसत राहिला. तुम्ही माझ्या दंडाला हळूच हात लावून म्हणालात, "राहू दे ना विलासराव. टाचेचा लिव्हर मला बरा पडेल."

"का बरा पडेल?" मी विचारलं.

तुम्ही चिंधी घेऊन टाकी पुसायला लागलात. मीही पुन्हा विचारलं नाही. तो वाद तिथंच अर्धा राहिला.

इंजिन परत उघडलं गेलं. आत सगळं नवंकोरं, सरळ, जागच्या जागी. संतोषनं फोर्क माझ्या हातात दिला. मी तो उलटसुलट करून बघितला आणि "हं" एवढंच म्हणालो. बिचाऱ्यानं सगळं पुन्हा जोडून दिलं.

मधे एकदा नंदाचा फोन आलेला. शोभाशी बोलून झाल्यावर तिनं मला बोलावून घेतलं. "भावोजी, यांची डावी चप्पल सारखी सटकते हो पायातून. घरातल्या घरात अडखळतात." मी म्हणालो, "अगं, चपला झिजल्या असतील, मागे पट्टा असलेल्या घ्यायला सांग." आणि मग तिलाच विचारलं, गिअरचं काय झालं, आज पडतोय का दुसरा?

मग आला प्राचीच्या वास्तुशांतीचा दिवस. माझ्या मुलीनं बाळकुमला घेतलेलं घर. बायका आदल्या दिवशीच तिकडे गेलेल्या, आणि गाडी गॅरेजमधून आणायची म्हणून मी तुमच्याकडे मुक्कामाला. सकाळी तुम्ही म्हणालात, "रिक्षानं जाऊया का?" मी म्हणालो, "मग एवढा खटाटोप कशासाठी केला? लांबच्या रस्त्यावरच कळेल." तुम्ही हेल्मेट चढवलंत. मी मागे बसलो.

माणकोलीच्या पुलावर गाडी मस्त गेली. मोकळा रस्ता, गिअर बदलायची गरजच नाही. मी मागून तुमच्या कानाशी ओरडलो, "बघा, बसली की नाही लाइनीवर?" कशेळीच्या पुढे गर्दी लागली आणि तुमचे खांदे घट्ट झाले. बाळकुम नाक्याला सिग्नल सुटला. तुम्ही पहिला टाकलात, गाडी हलली, तुम्ही लिव्हर उचललात आणि इंजिन नुसतंच किंचाळलं. न्यूट्रल. मागून हॉर्न. तुम्ही परत पहिला टाकून परत उचललात. परत न्यूट्रल. गाडी डावीकडे कलली, तुम्ही डावा पाय टेकवलात, आणि तो पाय नुसता वळला. वळल्याचं मी पाहिलं, मोहनराव. पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त माझा नवा झब्बा होता. आपण दोघं गाडीसकट रस्त्यावर आडवे झालो.

फारसं कुणाला लागलं नाही. एका रिक्षावाल्यानं गाडी उचलून बाजूला लावली. आणि मी उठून, कपडे झटकून, भर नाक्यावर तुमच्यावर ओरडलो. "एवढी वर्षं गाडी चालवताय आणि एक गिअर टाकता येत नाही? जमत नसेल तर विकून टाका ना! लोकांचे जीव कशाला घेता?"

तुम्ही म्हणालात, "हो, विकायलाच पाहिजे आता." अगदी शांतपणे. तुमची डावी चप्पल रस्त्यात पडली होती. तुम्ही माझ्या खांद्याचा आधार घ्यायला हात पुढे केलात आणि माझा चेहरा बघून मागे घेतलात. मी ती चप्पल माझ्या पायानं तुमच्याकडे ढकलली.

मोहनराव, आयुष्यात मी खोटं बोललोय, लोकांना टाकून बोललोय, ऑफिसच्या राजकारणात एकदोघांचं नुकसानही केलं असेल. त्यातलं काही मला झोपेतून उठवत नाही. ती चप्पल उठवते. वाकून हातानं उचलली असती तर काय झालं असतं? तुमच्याहून मोठा होतो म्हणून नाही वाकलो, असंसुद्धा नाही. त्या क्षणी तुम्ही मला ओझं वाटलात, एवढंच.

तिथून पुढे प्राचीच्या घरापर्यंत गाडी मी चालवली. कितीतरी वर्षांनी. गुडघा काही म्हणाला नाही. चारही गिअर असे पडले की काय सांगू! बोटानं जरा उचलला की टक, दुसरा. टक, तिसरा. मला आनंद झाला, हे आणखी वाईट. तुम्ही मागे बसला होतात आणि मी तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणत होतो, "पडतोय की! बघा, पडतोय!"

आणि मग वर, सगळ्या नातेवाइकांत, पानावर बसल्याबसल्या मी ते वाक्य टाकलं. गिअरबॉक्स ठणठणीत आहे, आमचे साडूच बिघडलेत.

निदान बरोबर होतं. इतक्या दिवसांत एकदाच मी बरोबर निदान केलं, आणि ते लोकांना हसवण्यासाठी. सगळे हसले. तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. फक्त नंदा हसली नाही. तिनं तुमच्या पायाकडे बघितलं. दुसऱ्याच दिवशी ती तुम्हाला डॉक्टरकडे घेऊन गेली.

एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, मग ठाण्याला, नसांच्या तपासण्या. शेवटी नाव कळलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच हळूहळू मरत जातात असा आजार. तुमच्या बाबतीत सुरुवात डाव्या पावलापासून झाली होती. पाऊल वर उचलायची ताकद आधी गेली. म्हणजे चप्पल पायात धरून ठेवायची ताकद, आणि लिव्हर उचलायची. खाली दाबायची ताकद मात्र बराच काळ शाबूत होती. डॉक्टर हे समजावून सांगत होते तेव्हा मी तिथं होतो, आणि माझ्या कानात संतोषचा आवाज होता. टाचेनं दाबलं की दुसरा.

तुम्हाला आधीच कळलं होतं ना? आजार नव्हे, पण पाय ऐकत नाही हे? म्हणून तर टाचेच्या लिव्हरला एवढे खूश झालात. तुम्हाला उपाय सापडला होता, आणखी थोडे महिने तुमची गाडी तुमची राहिली असती. मी तोही मिळू दिला नाही. नंदाला मी एकदा विचारलं की हे बोलले का नाहीत. ती म्हणाली, "लाज वाटत होती त्यांना, भावोजी. पाय उचलत नाही असं कसं सांगायचं? त्यापेक्षा गाडीत दोष आहे म्हटलेलं बरं." तुम्हाला लाज वाटत होती! तुम्हाला!

हातांची ताकद जायच्या आधी, वॉकर घेऊन चालत होतात तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "संतोषकडे जाऊन येऊया. त्याला उगाच बोललो आपण." आपण! तुम्ही त्याला एक शब्द बोलला नव्हतात. रिक्षा केली. गॅरेजच्या दारात तुम्ही वॉकरवर उभे राहिलात आणि म्हणालात, "संतोष, तुझं काम चोख होतं रे. दोष माझ्या पायात होता. आम्ही तुला नाही नाही ते बोललो, मनात ठेवू नकोस." तो धावत स्टूल घेऊन आला. "काय काका तुम्ही, बसा आधी." त्याचे डोळे भरले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आता बोला, इतकं स्वच्छ होतं ते पाहणं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "इथे रस्त्याचं काम कधी संपणार रे?"

तुम्ही मान खाली घातलीत. माझ्यासाठी घातलीत, हे मला कळलं.

त्यानंतर मी नेमानं येत राहिलो. लोक म्हणायचे, साडू असावा तर असा. मी आलो की पेपर वाचून दाखवायचो, क्रिकेटचं बोलायचो, गाडी हा शब्द टाळायचो. घरून निघताना ठरवायचो, आज बोलायचं. नाक्याचं बोलायचं, चपलेचं बोलायचं. तुमच्या दारात पोचेपर्यंत वाक्यं पाठ असायची. मग नंदा चहा आणायची, तुम्ही डोळ्यांनी हसायचात, आणि वाटायचं, आज इतके बरे दिसतायत, कशाला जुनं उकरायचं? तुमचं बोलणं जड होत गेलं तसं मला बरंच वाटायला लागलं, हेही सांगून टाकतो. तुम्ही उत्तर देऊ शकणार नाही म्हणजे मी विचारायची गरज नाही, असा काहीतरी हिशेब.

शेवटच्या काही आठवड्यांत नंदानं मला तुमच्या पायांचा व्यायाम शिकवला. ती थकली होती. पाऊल हातात घ्यायचं, टाच तळव्यात ठेवायची, बोटं हळूहळू वर न्यायची, मग खाली. वर, खाली. सांधे धरू नयेत म्हणून. पहिल्यांदा मी तुमचं डावं पाऊल हातात घेतलं तेव्हा तुम्ही डोळे मोठे केलेत. थोरल्या साडूनं पाय धरायचे, हे तुम्हाला आजारातही अवघड वाटत होतं. नंदा म्हणाली, "असू दे हो, करतायत ते प्रेमानं."

तुमचे पाय इतक्या वेळा धरले मी, मोहनराव, आणि एकदाही माफी मागितली नाही.

शेवटच्या रविवारी नंदा खाली औषधं आणायला गेली होती. खोलीत आपण दोघंच. मी तुमचं पाऊल वर-खाली करत होतो. तुम्ही माझ्याकडे एकटक बघत होतात. मग तुम्ही काहीतरी म्हणालात. आवाज घशातून येत होता, शब्द फुटत नव्हता. तुमचं असलं बोलणं फक्त नंदालाच उमगायचं. मी कान जवळ नेला. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, जोर लावून, कपाळावर घाम आला तुमच्या. तीनचार शब्द होते. त्यात माझं नाव असावं असं वाटलं. मला कळलं नाही. नंदा येईपर्यंत थांबा म्हणता आलं असतं. पुन्हा सांगा म्हणता आलं असतं. पण कदाचित नाक्याचं असेल, कदाचित तुम्ही मला माफ करत असाल, किंवा नसालही, या भीतीनं मी मान डोलावली आणि म्हणालो, "हो, हो. कळलं."

तुम्ही डोळे मिटलेत. तुम्हाला वाटलं, पोचलं.